जुनी सुरी घेताना पाळावयाचा शिष्टाचार

मोबाइलवर फोटो पाहून वापरलेली सुरी मागवणे हे आता आमच्या विदर्भातील खेड्यांतही प्रतिष्ठेचे काम झाले आहे, तेव्हा ते रीतीला धरून व्हावे एवढ्याच हेतूने काही सूचना करतो. मुख्य सूचना अशी की, विक्रेत्यावर संशय घेऊ नये. बैलबाजारात जबडा उघडून जनावर दोनदाती आहे की जुळलेले, म्हणजे तरुण की पूर्ण वयाचे, हे पाहिल्याशिवाय, आणि चार पावले चालवून घेतल्याशिवाय, दावे हाती न धरणाऱ्या माणसाला ही सवय मोडणे जड जाईल; परंतु येथे दात पाहू मागणे असभ्यपणाचे समजले जाते.

फोटो एकच असेल आणि तोही एकाच बाजूचा असेल, तर विक्रेता मितभाषी आहे असे मानावे. मूठ डोळ्याजवळ धरून टोकाकडे नजर टाकली असता पाते जसे दिसते, तसा फोटो त्याच्याकडे मागू नये, कारण पाते वाकलेले किंवा पिळलेले असेल तर ते नेमके त्याच फोटोत उघडे पडते, आणि भल्या माणसाला अडचणीत आणणे बरे नव्हे. टोकावर हिरव्यागार सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवलेली दिसली, तर त्याच्या सौंदर्यदृष्टीला दाद द्यावी. त्या जुडीखाली टोक मोडलेले असून कानशीने घासून पुन्हा गोल केलेले असेल, असली कुशंका मनात आणू नये.

सुरीची लांबी प्रत्येक विक्रेता सांगतो. रुंदी कोणीही सांगत नाही. स्वयंपाकघरातील आठ इंची शेफ-सुरी नवी असताना मुठीजवळ साधारण ४५ ते ५० मिलिमीटर रुंद असते. वर्षानुवर्षे घासून ती ३५ मिलिमीटरवर आली असेल, तर मधले पोलाद धारवाल्याच्या चाकाखाली गेले, एवढाच त्याचा अर्थ. पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असल्यामुळे झिजता झिजता धार जाड भागात शिरते, आणि मग ती कितीही लावली तरी कांदा चिरला न जाता फाकतो. विक्रेता अशा सुरीला ‘हलकी, हाताला सुटसुटीत’ म्हणतो. तिचे वजन खरोखरच घटलेले असते, त्यामुळे तो खोटे बोलतो असे कोणालाही म्हणता येणार नाही. सपाट पाटावर धार टेकवली असता खालून उजेड दिसतो का, हेही विचारू नये. धारवाल्याने मध्यभागीच जोर दिलेला असेल तर तेथे खोलगटपणा येतो, आणि अशा सुरीने भेंडी कापली की फोडी एकमेकींना सोडायला तयार होत नाहीत. त्यांच्यातील हा जिव्हाळा किमतीत धरलेला नसतो, हे विशेष.

सगळ्यात जास्त दाद मात्र रंगाला द्यावी. धारेच्या कडेने कोठे पिवळसर, कोठे जांभळी, कोठे निळी झाक असेल, तर जाहिरातीत तिला ‘मोरपंखी छटा’ असे नाव दिलेले असते. आमच्याकडचा लोहार रसिक नाही. असे पाते हातात घेऊन तो उजेडाकडे वळवतो, निळ्या जागेवर अंगठा फिरवतो आणि म्हणतो, “भाऊ, याचं पाणी उतरलं ना.” पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवणे आणि नंतर बेताचा ताव देऊन त्याचा ठिसूळपणा काढणे, या ‘पाणी देण्याच्या’ खटाटोपातून धार धरणारे पाते तयार होते. विजेच्या ग्राइंडरवर, पाणी न लावता, घाईने धार काढली की साध्या पोलादाचे पाते कडेला क्षणात तापते. सुमारे २२० अंश सेल्सिअसला ते पिवळसर आणि ३०० अंशांच्या आसपास निळे होते, आणि जेथे निळे होते तेथे मऊ पडते. त्या जागी लावलेली धार भाजी चिरून होईपर्यंतही टिकत नाही. अधिक शिकलेले विक्रेते ही छटा बफ मारून घालवतात. रंग जातो, मऊपणा राहतो. म्हणून पाते चकचकीत असेल आणि त्यावरील कारखान्याच्या शिक्क्याची अक्षरे तेवढी कडा गेलेली, पुसट दिसत असतील, तर आपण चकाकीवरच लक्ष ठेवावे.

उलट करड्या-निळसर डागांची साध्या पोलादाची सुरी दिसली, तर नाक मुरडून पुढे जावे. कांदा, लिंबू, कैरी कापता कापता पोलादावर असा थर धरतो आणि तो लाल गंजाला बराच अडवतो, ही माहिती आपल्या आजीला होती. पण आजी ऑनलाइन नव्हती. आपण घासून लख्ख केलेलीच सुरी घ्यावी. तिच्या धारेलगत गंजाचे बारीक खड्डे असतील, तर धार लावता लावता ते धारेवर येतात आणि तेथे खाचा पडतात; साध्या सुरीच्या किमतीत करवत मिळाली म्हणून आनंद मानावा.

वयाच्या दाव्यांना तर हात जोडावेत. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली या धातुतज्ज्ञाने स्टेनलेस स्टील तयार केले ते १९१३ साली, परंतु एखादा विक्रेता ‘पणजोबांची १८८० सालची स्टेनलेस सुरी’ विकत असेल, तर त्याच्या पणजोबांना ते आधीच सुचले असावे. लोखंडाच्या बाबतीत आम्हा वैदर्भीयांना जुनेपणाचे फारसे अप्रूप नसावे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सुमारे ७०० वर्षांची मानली जाते. तरीही ‘अँटिक’ हा शब्द दिसला की आमचा अंगठा आपोआप खरेदीच्या बटणाकडे वळतो. दमास्कस म्हणून, म्हणजे पोलादाचे थर एकमेकांना जोडून घडवलेले म्हणून, विकलेल्या पात्यावरील लाटा पाठीवर येताच थांबत असतील, तर त्या बहुधा वरून उमटवलेल्या असतात, कारण खऱ्या थरांच्या रेघा पाठीवरही दिसतात. पण पाठीचा फोटो मागायचा नाही, हे आपले आधीच ठरले आहे.

मुठीविषयी फार सांगण्यासारखे नाही. रिव्हेट ढिले होऊन लाकूड आणि पोलाद यांच्यात फट पडली असेल, तर तिच्यात मागच्या घरचे पीठ व पाणी साठून आतून गंज चढतो, आणि तो पार्सलसोबत मोफत येतो.

पार्सल तालुक्याच्या बसस्थानकाजवळील पानठेल्यावर उतरते. तेथे ते चारचौघांत उघडू नये, आणि पिकलेल्या भेदरावर, म्हणजे टोमॅटोवर, पाते टेकवून, दाब न देता ओढून पाहण्याचा मोह तर अजिबात होऊ देऊ नये. साल न कापता भेदर दबले, तर खर्रा घोटणारे हातही थांबतात. तक्रार केलीच, तर विक्रेता बोथटपणाचा पुरावा म्हणून फोटो मागेल. तसा फोटो निघतो. धार वर करून दिव्याखाली धरली असता चांगल्या धारेवर प्रकाश ठरत नाही, बोथट जागी मात्र पांढरी रेघ चमकते. ती रेघ स्पष्ट येईल असा फोटो काढून जरूर पाठवावा. सुरी परत गेली की आठवडाभरात तोच फोटो नव्या जाहिरातीत झळकेल आणि त्याखाली लिहिलेले असेल: ‘धार पाहा, कशी चमकते!’