सी म्हणजे काढा

डाव्या खांद्याची सालं अजून निघतायत, तेव्हा हा लेख थोडा चिडून लिहिलेला वाटला तर माफ करा. चिडूनच लिहिलाय.

रोममधल्या हॉटेलच्या न्हाणीघरात दोन पितळी नळ होते. एकावर सी, दुसऱ्यावर एफ. लाल-निळ्या टिकल्या कधीकाळी असतील तर त्या गळून पडलेल्या. दिवसभर दगडी रस्ते तुडवून पायांचे तुकडे पडले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. मी सी पूर्ण उघडला आणि शॉवरखाली उभा राहिलो. त्यानंतर मी जे ओरडलो ते शुद्ध मराठीत होतं, एवढंच सांगतो.

मुलीने नंतर फोनवर खांद्याची चौकशी करायची सोडून पहिला प्रश्न विचारला, "बाबा, सी म्हणजे कोल्ड, ठीक. मग एफ म्हणजे काय वाटलं तुम्हाला?" मी म्हटलं, फॅरनहाइट. तिने फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मागून जावईही हसले.

तर पंचा गुंडाळून मी दार उघडलं. रिसेप्शनवर कुणी फोन उचलत नव्हतं, आणि बायको खाली लॉबीत वायफाय शोधत होती. कॉरिडॉरमध्ये आमच्या टूरमधले साताऱ्याचे काका जेवणानंतरची शतपावली घालत होते. निवृत्त मुख्याध्यापक. लिफ्टपासून अग्निशामक नळकांड्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. आकडे मोठ्याने मोजायचे.

"अडुसष्ट. सी उघडलात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एकोणसत्तर. आरोळीवरनं. मी कालच उघडला होता."

म्हणजे या गृहस्थाला चोवीस तास आधी भाजलं होतं. आमची ४२ माणसं, सगळ्यांच्या खोल्यांत तेच नळ. सकाळी नाश्त्याला हा माणूस माझ्या समोर बसून माझ्याच डब्यातली चटणी खात होता.

"अहो काका, मग सांगायचं नाही का?"

"कुणी विचारलं नाही." ते नळकांड्याला हात लावून वळले. "शिवाय काल बसमध्ये तुम्ही माझी खिडकी घेतलीत. चौऱ्याहत्तर."

मी थंडीने की संतापाने कापत होतो, कळत नव्हतं. खांदा तेवढा तापला होता. आणि तेवढ्यात काकांमधला मुख्याध्यापक जागा झाला.

"सी म्हणजे काल्दो. इटालियनमध्ये गरम. एफ म्हणजे फ्रेद्दो, थंड. फ्रिज म्हणतो ना आपण? तेच ते. यात न कळण्यासारखं काय आहे? आणि काल्दो हा शब्द आपलाच. काढा! कढ, कढत, कढई, काढा, काल्दो. लॅटिन सगळं इथनंच गेलंय."

"कुणी नेलं?"

"नेलं असेल कुणी. व्यापारी लोक. एक्याऐंशी."

"काढा घेऊन?"

"चेष्टा करू नका. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. तुमच्यामुळे माझं एक पाऊल दोनदा मोजलं गेलं."

खोलीचं दार उघडून काकू आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी बर्नॉलची ट्यूब पुढे केली. अर्धी संपलेली. कशी संपली असेल ते उघड होतं. "अहो, त्यांना आत तरी जाऊ दे, ओलेते उभे आहेत," त्या म्हणाल्या. काकांनी उरलेली पावलं पुरी केली, "शंभर" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

खाली गेलो. रिसेप्शनवरच्या पोराने खांदा बघितला, नळ हवेत फिरवून दाखवला आणि हसून "काल्दो" म्हणाला. जणू मीच पदार्थाचं नाव विचारलं होतं. टूर मॅनेजर म्हणाला, "सर, फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा." फॉर्मवर हॉटेलसाठी तीन चौकोन होते: उत्तम, छान, फारच छान. पासपोर्टच्या चार झेरॉक्स आणा, पायमोजे किती आणा, पाकीट कुठल्या खिशात ठेवा, हे सगळं या लोकांनी निघण्याआधी दोन तास समजावलं होतं. नळाचं एक अक्षर सांगायला यांचं काय गेलं असतं?

आणखी लाजिरवाणी गोष्ट म्हणजे तो शब्द मी त्याच सकाळी ऐकला होता. रोमन सम्राट काराकालाची स्नानगृहं आम्हाला बसच्या खिडकीतून दाखवली. इसवी सन २१६ मध्ये सुरू झालेली, प्रचंड. (खिडकी माझी होती, हे खरं आहे.) गाइड सांगत होती: हे काल्दारियम, गरम पाण्याची खोली, खालून पोकळ जमीन, तळघरात गुलाम लाकडं जाळायचे. ते फ्रिगिदारियम, थंड पाण्याचं. अठराशे वर्षांपूर्वीचे सी आणि एफ माझ्या नाकासमोरून गेले आणि मी तेव्हा बुटाच्या नाडीची गाठ सोडवत होतो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी "मिल्क, कोल्ड" असं स्पष्ट सांगितलं. वाफाळतं दूध आलं. माझ्या 'कोल्ड'चा त्या वेटरच्या कानात 'काल्दो' झाला होता. तक्रार करायला तोंड उघडलं तर समोर काका. शांतपणे म्हणाले, "काढा."

इथे मी ठरवलं की घरी जाऊन या माणसाची व्युत्पत्ती खोटी पाडायची.

खोटी निघालीच. काढा आला संस्कृत क्वाथातून, धातू क्वथ्. काल्दोशी त्याचं काही नातं नाही. काल्दो आला लॅटिन कालिदुसमधून, गरम. फ्रेंचांनी त्याचा 'शो' केला, पण स्पेलिंग सीनेच सुरू होतं, म्हणजे त्यांच्या नळावरचा सीसुद्धा गरमच. इंग्रजांचा कोल्ड आणि जर्मनांचा काल्ट हे वेगळ्याच घरातले. त्यांचं दूरचं नातं लॅटिनमधल्या गोठण्याच्या शब्दाशी, म्हणजे इटालियन जेलातोशी. म्हणजे मी नळाकडे जे मागत होतो ते मला आइस्क्रीमवाल्याकडे मिळालं असतं.

काल्दोच्या घराण्याचा गोतावळा बघून मात्र खांद्याची आग थोडी विसरलो. शोफर हा मूळचा भट्टी पेटवणारा. वाफेच्या गाडीला आधी तापवावं लागायचं, म्हणून गाडी चालवणाराही शोफर. नॉनशलंट म्हणजे ज्याला कशाचं काही वाटत नाही असा, शब्दशः 'न तापणारा'. आपणही अशाला 'थंड' म्हणतोच. रिसेप्शनवरचा पोरगा त्यातला. काकूंच्या कॅलरीही याच घरातल्या, आणि त्या टूरमध्ये त्यांनी बारा दिवस मोठ्याने मोजल्या. नवरा पावलं मोजतो, बायको कॅलरी. मुलांचं बालपण कसं गेलं असेल कोण जाणे.

पोर्तुगीजांनी तर कमाल केली. त्यांच्याकडे काल्दो म्हणजे रस्सा, सूप. तो गोव्यात उतरला आणि त्याचं नारळाच्या रसातलं पिवळं, सौम्य कालदीन झालं. माझी मडगावची वहिनी कोळंबीचं फार सुंदर करते. आणि ब्राझीलमध्ये काल्दो दि काना म्हणजे चक्क उसाचा रस, बर्फ घालून प्यायचा. ज्या शब्दाने माझी कातडी सोलली तोच शब्द तिकडे रसवंतीवर बर्फात बसलाय.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. आपण बंबाला रामराम ठोकून गीझर आणला आणि तो शब्द मूळचा आइसलंडमधल्या उकळत्या पाण्याच्या कारंजाचा. माझ्या ठाण्याच्या बाथरूममध्ये प्लंबरने लाल डावीकडे आणि निळा उजवीकडे लावलाय, पाइप मात्र उलटे जोडलेत. विचारलं तर म्हणाला, "साहेब, होईल सवय." सात वर्षं झाली. मला झाली आहे. पाहुण्यांना होत नाही, आणि त्यांना सांगायचं दर वेळी राहून जातं.

कोश चाळताना शेवटी जे सापडलं ते सापडायला नको होतं. कालिदुसच्या मुळाशी काही व्युत्पत्तीकार एक संस्कृत शब्द जोडतात: शरद्. उन्हाची, पीक पिकायची वेळ. आणि बाहेर तीच चालू आहे. ऑक्टोबर हीट, पंखा पाचवर, खांद्याला घामाची चुणचुण. म्हणजे काकांचा काढा चुकला, पण संस्कृतशी नातं आहे हा त्यांचा मूळ हेका, माणसाला चीड यावी इतका, अगदीच पोकळ नाही.

काका रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर फुलाचं चित्र पाठवतात. काल विचारलं, "काल्दोचं बघितलंत का?"

बघितलं, म्हणून कळवलं. काढ्याशी काही संबंध नाही, असंही कळवलं. शरदचं नाही कळवलं. त्यांनी नेमकं ते विचारलं नव्हतं.