आता उघडलंच आहे तर...

टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी, गाडीच्या आयुष्यभर टिकते, असं गाडी विकताना सांगतात. त्यात खोटं काही नाही. चेन तुटली की गाडीचं आयुष्यही बहुतेक वेळा तिथेच संपतं, म्हणजे हिशेब जुळला.

माझ्या गाडीची तुटली ती गाजावाजा न करता. सिग्नल सुटला, मी गिअर टाकला, पुढे 'खटॅक' झालं आणि इंजिन असं गप्प झालं की मागच्यांचे हॉर्न तेवढे ऐकू यायला लागले. टोचन करून गॅरेजात नेली. बॉनेट उघडायच्या आधीच मिस्त्री म्हणाले, "ताई, जरा सेल्फ मारा." एरवी सेल्फ मारला की इंजिन ठेक्यात कण्हतं, कारण सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना दर वेळी स्टार्टरला जोर पडतो. या वेळी ठेकाबिका काही नाही, एका सुरात घर्रर्र. इतकं हलकं ते कधीच फिरलं नव्हतं. मला वाटलं, सुधारलं की! मिस्त्रींनी हात वर केला. "बस. आता अजिबात मारू नका."

मग मला कळलं की इंजिनात खाली क्रँक असतो, वर कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे प्रमाण राखायचं काम चेनचं. क्रँक पिस्टनला वरखाली करतो, कॅम हवेची ये-जा होऊ देणारे व्हॉल्व्ह उघडतो. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह या दोघांना जागा एकच असते, वेळा तेवढ्या वेगळ्या; दहा माणसं आणि एक बाथरूम असलेल्या घरातल्या सकाळसारखं. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) क्रँक सेकंदाला 50 फेरे मारतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हने सेकंदाला 25 वेळा आत जाऊन, काम उरकून, मुकाट बाहेर यायचं. चेन तुटली की व्हॉल्व्ह आहे तिथे थिजतो. पिस्टन आपल्या वेळेवर येतो आणि कडी न वाजवता आत घुसतो.

आणि ही सगळी शिस्त कुणाच्या भरवशावर? चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो आणि ती सरळ राहावी म्हणून बाजूला प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. एवढ्या लोखंडाची मदार शेवटी प्लॅस्टिकवर! "सकाळी चालू करताना दोन सेकंद खडखड येत नव्हती का?" असं मला भेटेल त्याने विचारलं. ऑईलचा दाब चढेपर्यंत ढिली चेन आपटते, ती ही खडखड. गाडी सुरू करताना आवाज आला नाही तर माणूस घाबरतो. आला म्हणून घाबरायचं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"किती खर्च येईल?"

"हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याशिवाय सांगता येत नाही."

"आणि हेड उतरवून बघायला?"

"ते उतरवल्यावरच. गॅस्केट नवीन लागणार. बोल्टपण नवीन, एकदा ताणलेले परत चालत नाहीत."

म्हणजे खर्च किती हे कळण्यासाठी आधी खर्च. मी विचार करून सांगते म्हणाले आणि इथेच चूक झाली, कारण मी विचार करतेय हे घरच्यांना कळलं.

मामांनी एका वाक्यात विषय संपवला, "विकून टाक." मामा चष्म्याचा स्क्रू ढिला झाला तर चष्मा बदलतात. विचारपूस केली तर बंद गाडीला गिऱ्हाईक होतं, पण ते गाडीचा नव्हे, वजनाचा भाव सांगत होतं. ऑफिसातले एक जण म्हणाले, "नुसती चेन टाकून बघा, नशीब असेल तर चालेल." मी हे मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हात पुसायचं फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फडकं उचललं. चुलतभावाने कॉम्प्रेशन टेस्टचा आग्रह धरला. आता कॅमच फिरत नाही, तर कॉम्प्रेशन येणार कुठून? पण हे मलाही कालच कळलं असल्यामुळे मी त्याला फार प्रेमाने समजावलं.

सर्वांत मोहात पाडणारा सल्ला सेकंडहँड इंजिनाचा होता. अख्खं इंजिन काढा, दुसरं बसवा, मोकळे व्हा! मी जवळजवळ हो म्हणणार होते. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, त्या इंजिनाची चेन किती चाललेली असेल?" अपघातातल्या गाडीतून काढलेलं इंजिन, मीटरवरचा आकडा विकणारा सांगेल तो, आणि आत तीच चेन, तोच टेन्शनर, त्याच पट्ट्या. म्हणजे ते आणायचं, बसवायच्या आधी उघडायचं, चेनचा नवा सेट टाकायचा, वर माझं इंजिन भंगारात. नवं हाफ इंजिन, म्हणजे नुसता खालचा भाग, घ्यावं, तर माझ्या खालच्या भागाला काही झालंय हे तरी कुठे ठरलं होतं?

हेड उतरवलं. चार पिस्टनच्या माथ्यावर नखाने कोरावी तशी चंद्रकोर. मिस्त्रींनी एक व्हॉल्व्ह काचेवर ठेवून बोटाने ढकलला. सरळ व्हॉल्व्ह घरंगळत जातो, हा लंगडत गेला. दुसराही लंगडला. सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह नव्हते वाकले, पण उरलेल्यांवर भरवसा न ठेवायला तेवढे पुरे होते. मी गप्प बसलेय हे पाहून मिस्त्री म्हणाले, "खूण वरवरची आहे, पिस्टन चालतील. सिलिंडरच्या बोअरला ओरखडा नाही." मला इतका आनंद झाला की गाडी दुरुस्त झाल्यासारखं वाटलं. व्हॉल्व्ह सगळे नवे, चेनचा पूर्ण सेट, आणि खालचा चेंबर उतरवून ऑईलची जाळी साफ, असं ठरलं. जाळीत पट्ट्यांचे तपकिरी तुकडे अडकले होते. ते तसेच राहिले असते तर ऑईल वर चढलं नसतं आणि नव्या चेनचंही तेच झालं असतं.

मग ते वाक्य सुरू झालं. "ताई, आता उघडलंच आहे तर वॉटर पंप टाकून घेऊ." बरं. "उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट." बरं. होजपाइप, प्लग, पुढचं ऑईल सील. प्रत्येक गोष्ट रास्त होती, तीच तर अडचण. पुन्हा एवढंच सगळं उघडायचं म्हटलं तर मजुरी दुप्पट, हे शेंबड्या पोरालाही पटेल. मी मान हलवत गेले, बिलाचा कागद उलटून मागे लिहायला सुरुवात झाली.

शेवटी त्यांनी दार उघडून आत डोकावलं आणि म्हणाले, "ताई, आता एवढं केलंच आहे, तर सीट कव्हर..."

तिथे मात्र मी चावी मागितली.