चिवट म्हणू नका हो

सकाळपासून एकच व्हिडिओ तीन ग्रुपांवर आला. ढोल-ताशा, ड्रोनमधून हिरवेगार डोंगर, आणि खाली "दरड आली, पण कोकणी माणूस हरला नाही". तिसऱ्यांदा आला तेव्हा मी फॅमिली ग्रुपच सोडला. काका विचारतील, विचारू देत.

एवढं झोंबलं, कारण तसलाच फोटो मीही टाकला होता. ऑगस्ट २०२१. २२ जुलैला तळीयेवर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. मावशीची वाडीही महाड तालुक्यातलीच. घरं वाचली, पण वर डोंगराला भेग पडली, म्हणून रातोरात सगळ्यांना शाळेत हलवलं. तीन आठवड्यांनी मी तांदूळ, चादरी घेऊन गेले, तर मावशी खाली शेतात वाकून भातातलं तण बेणत होती. काढला फोटो. "याला म्हणतात जिद्द!" तुम्हीच बदाम दिलेत त्याला, दोनशेच्या वर.

मावशी काय म्हणाली ते मात्र लिहिलं नव्हतं. "जिद्द कसली गो? लावणी दरडीच्या आधी झालेली. आता बेणायला कोण येणार, तुझा बापूस?"

चिवट म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं ना! चिवट माणसाला पत्र्याची शेड चालते. २००५ च्या जुलैत महाडचीच दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते दरडीखाली गाडली गेली. दासगावच्या लोकांनी नंतर किती वर्षं पत्र्याखाली काढली, ते महाडात कुणालाही विचारा. २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हाही "पुन्हा उभे राहू". अरे, सुपारीचं रोप धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर खायचं काय, जिद्द?

हो, तळीयेत म्हाडाने घरं बांधली, दरडीत गेलेल्या इर्शाळवाडीच्या लोकांना चौकजवळ सिडकोने दिली. मान्य. आणि माझ्या त्या फोटोत मागे दिसणाऱ्या शेजारणीने तो फ्रेम करून लावलाय, हेही खरं. तिला बरं वाटतं, तर मी कोण बोलणारी.

पण मावशी शाळेतून पत्र्याच्या शेडमध्ये आली, ती अजून तिथेच आहे. ऑफिसात गेलं की "जागेचं ठरतंय". शेडला पडवी नाही, लाकडं ठेवायची कुठे? उन्हात पत्रा असा तापतो की दुपारी ती जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसते. त्याच भेगेखाली. मी ओरडले तर म्हणे, "डोंगर दुपारचा नाय येत."

यावर हसू की रडू?

आत्ता लिहिता लिहिता फोन लावला तिला. व्हिडिओचं सांगितलं. तिने तो पाहिलाच नव्हता, रेंज नाही. म्हणाली, गणपतीला येशील तेव्हा लाकडांवर टाकायला ताडपत्री आण. निळी नको, ती एका उन्हाळ्यात तडकते. काळी, जाड.