‘शाळकरी प्रकार’ आणि 20 किलोचे वजन : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लोडसेलच्या (काट्यातल्या, भारानुसार विद्युत संकेत देणाऱ्या संवेदकाच्या) आकड्यांवरून वजन काढण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन बिंदूंवरून (रिकामे ताट आणि एक माहीत असलेले वजन) सरळ रेषा काढणे हा ‘शाळकरी प्रकार’ असून सेलच्या दाखल्यावरील (तांत्रिक पत्रकावरील) 2 मिलीव्होल्ट प्रति व्होल्ट, म्हणजे दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे पूर्ण भाराला मिळणारे मिलीव्होल्ट, हा आकडा घेऊन थेट गणित करावे, हा आपला पहिला आक्षेप. तापमानाचा विचार नाही, भार बराच वेळ राहिल्यास आकडा सरकतो त्याचा उल्लेख नाही, आणि सेलचा संकेत अंकांत बदलणाऱ्या एचएक्स711 या चिपच्या 24 बिटांना मी ‘अचूकता’ म्हटले, हे उरलेले तीन. शेवटचा मान्य. तिथे ‘विभेदन’ (किती बारीक फरक दिसतो ते) हा शब्द हवा होता आणि तशी दुरुस्ती मी केली आहे. एचएक्स711 चे खालचे कित्येक बिट नुसत्या गोंगाटात जातात हे मला ठाऊक नव्हते, असा अर्थ मात्र कृपया काढू नये.

आता ‘शाळकरी’विषयी. गेली 19 वर्षे मी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतले सुताचे काटे उघडून बसतो आहे. ज्याच्या हातावर एकदाही 20 किलोचे वजन पडलेले नाही, त्याने हा शब्द वापरावा याचे मला नवल वाटले. मतभेद जरूर असावेत. पण अनोळखी माणसाशी बोलण्याची काही रीत असते.

आपण सुचवलेले गणित मला येत नाही असे नाही. 5 व्होल्ट दिल्यास पूर्ण भाराला 10 मिलीव्होल्ट मिळतात आणि 128 पट वर्धनावर (संकेत तितका मोठा केल्यावर) एचएक्स711 चा आवाका अधिक-उणे 20 मिलीव्होल्ट असतो; म्हणजे 40 किलोच्या सेलसाठी किलोमागे सुमारे 1,04,858 अंक यायला हवेत. कागदावर हे फार देखणे दिसते. परंतु स्वस्त सेलच्या दाखल्यावर त्या 2 पुढे अधिक-उणे 0.1 असे छापलेले असेल, तर तो 5 टक्क्यांचा फरक झाला, म्हणजे 20 किलोच्या सुताच्या गोणीमागे तब्बल 1 किलो. वर्धकाची स्वतःची चूक आणि तिरका बसलेला स्क्रू यांचा हिशेब तर त्यात धरलेलाच नाही. माझ्या लेखातल्या काट्यावर रिकाम्या ताटाला 84,200 आणि 20 किलोला 21,80,200 असे अंक आले, म्हणून गुणक (किलोमागचे अंक) 1,04,800 ठरला. नंतर 10 किलोचे वजन ठेवून पाहिले तेव्हा 11,32,600 आले, म्हणजे 10.004 किलो. मधला बिंदू 4 ग्रॅमच्या आत बसत असेल, तर ती रेषा शाळकरी असली तरी मला चालते.

शिवाय गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते. दिल्लीत जुळवलेला काटा सोलापुरात आणला, तर तो 20 किलोमागे सुमारे 16 ग्रॅम कमी दाखवेल, कारण आपण विषुववृत्ताच्या अधिक जवळ आणि समुद्रसपाटीपासून अधिक उंचावर आहोत. दाखल्यावरचा आकडा हे सांगत नाही. इथेच ठेवलेले वजन सांगते. वैध मापन शास्त्र यंत्रणेचा निरीक्षकसुद्धा पडताळणी करताना प्रमाणित वजने ठेवून पाहतो, दाखला वाचून शिक्का मारत नाही. त्यालाही आपण शाळकरीच म्हणणार काय?

तापमानाचे म्हणाल, तर सोलापूरचा मे महिना मला कोणी शिकवण्याची गरज नाही. पत्र्याखाली काटा तापतो, म्हणून मी प्रत्येक तोलाआधी शून्य करून घेतो आणि आमच्या कामाला तेवढे पुरते. भार राहून आकडा सरकण्याचा प्रश्न गोणी अर्ध्या मिनिटात उतरवणाऱ्यांना फारसा पडत नाही. गुदामात टाकी रात्रभर तोलत ठेवणाऱ्यांसाठी मी तो लेख लिहिलेला नव्हता.

तरीही आपला आग्रह असेल, तर एकाच सेलवर दाखल्यातून काढलेला गुणक आणि प्रमाणित वजनावरून काढलेला गुणक ताडून पाहा आणि येणारा फरक ग्रॅममध्ये इथेच लिहा. भाषा थोडी सौम्य असली, तर उत्तर याहून लवकर मिळेल.