रोज एक रुपया सैन्याला: त्या संदेशातले खोटे आणि अर्धसत्य

परवा मामींनी फोन करून विचारले, “अरे, सैन्याने माझे पैसे परत का पाठवले?” निवृत्तिवेतनातून त्यांनी पाठवलेले दोन हजार रुपये त्यांच्याच खात्यात परत आले होते. कारण वर्षानुवर्षे फिरणारा तोच व्हॉट्सअॅप संदेश: एका अभिनेत्याच्या सूचनेवरून मंत्रिमंडळाने सैन्यासाठी बँक खाते उघडले आहे, प्रत्येकाने रोज एक रुपया भरावा, त्यातून जखमी व हुतात्मा जवानांना मदत होईल आणि शस्त्रखरेदीही होईल.

सर्वांत घातक भाग खात्याच्या तपशिलाचा आहे. संदेशात सिंडिकेट बँकेचे नाव आहे; ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर हा संदेश पुन्हा पसरला, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने निवेदन काढून तो दिशाभूल करणारा असल्याचे आणि चुकीच्या तपशिलामुळे ऑनलाइन देणग्या नाकारल्या जात असल्याचे स्पष्ट सांगितले. तरीही तो पुढे पाठवला जातोच, याचा मला संताप येतो, कारण एकदा पैसे परत आले की देणारा पुन्हा प्रयत्न करीलच असे नाही, आणि त्याची झळ संदेश पाठवणाऱ्याला नव्हे, एखाद्या वीरपत्नीला बसते.

निधी आहे, एवढे मात्र मान्य करावे लागेल. ‘आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड’ २०२० मध्ये स्थापन झाला आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘माँ भारती के सपूत’ या संकेतस्थळावरून त्यात देणगी देता येते. परंतु तो प्रत्यक्ष लष्करी कारवाईत प्राण गमावलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानांच्या कुटुंबांना तातडीने मदत देण्यासाठी आहे, शस्त्रांसाठी नाही. अभिनेत्याचा संबंध जोडला जातो त्या ‘भारत के वीर’ या देणगी-संकेतस्थळाशी हा निधी एक नव्हे, ते २०१७ मधले गृह मंत्रालयाचे काम असून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी आहे.

हिशेबही तसाच. १३० कोटी लोकांपैकी ७० टक्के रोज एक रुपया देतील असे संदेश धरतो, म्हणजे रोजचे ९१ कोटी. संदेशात त्याचे १०० कोटी होतात आणि त्यातून वर्षाचे ३६,००० कोटी निघतात. २०२५-२६ ची संरक्षणासाठीची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती, तेव्हा शस्त्रांसाठी मामींच्या रुपयाची वाट कोणी पाहत नाही.

वाट पाहणारे दुसरीकडे आहेत. दरवर्षी ७ डिसेंबरला, १९४९ पासून, सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्यानिमित्त जमणाऱ्या ध्वजदिन निधीतून केंद्रीय सैनिक मंडळ निवृत्तिवेतन नसलेल्या, ६५ वर्षांवरील निराधार माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ४,००० वरून ८,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. मुलांच्या शिक्षणाचे अनुदानही दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाले. यासाठीच्या अर्जांची पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते, आणि ध्वजदिन निधीची देणगीही तिथे पावती देऊन स्वीकारली जाते. मामींनी आता तेवढ्याच रकमेचा धनादेश लिहून ठेवला आहे. सोमवारी मी त्यांना त्या कार्यालयात घेऊन जाणार आहे.