तिन्ही ठिकाणी एकच पक्ष आला, तरी ६० मतं लागतातच

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मूळ लेख अमेरिकेतल्या मराठी शेजाऱ्यापाजाऱ्यांत निकालानंतर होणाऱ्या बोलण्याबद्दल होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे गेलं, सिनेट आणि अध्यक्षपद डेमोक्रॅटांकडे राहिलं, आणि ‘आता दोन वर्षं काही होत नाही, ग्रीन कार्डाचं विसरा’ असं जो तो म्हणू लागला. हा निष्कर्ष घाईचा आहे, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की विभागलेली सत्ता म्हणजे कोंडीच. २०१३ चं स्थलांतर सुधारणेचं विधेयक त्यातच गेलं, शटडाउनही (निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामं थांबणं) त्यातूनच येतात, आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत बारा-बारा वर्षं असलेल्यांना अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं अशा तिन्ही ठिकाणी एकच पक्ष हवासा वाटला तर त्यात चूक काय?

हवासा वाटण्यात चूक काहीच नाही. प्रश्न एवढाच, की तसं झाल्यावर रांग हलते का.

आधी २०१३, कारण तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. २७ जून २०१३ ला सिनेटने ते विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा (एका देशाच्या लोकांना ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त नाही) त्यात काढून टाकलेली होती. प्रतिनिधीगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानालाच घेतलं नाही, कारण स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा नसलेलं विधेयक मांडायचं नाही, हा त्यांचा पवित्रा होता. सभापतींना वळसा घालून विधेयक सभागृहात आणायचं तर २१८ सह्या लागतात. डेमोक्रॅटांनी २०१४ मध्ये तोही प्रयत्न केला, सह्या जमल्या नाहीत. इथे सत्ता विभागलेली असल्यामुळेच काम अडलं, यात वाद नाही.

पण मग एकहाती सत्तेची वर्षंही तितक्याच बारकाईने बघा. डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे होती. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणल्या गेलेल्या मुलांसाठीचं ‘ड्रीम’ विधेयक प्रतिनिधीगृहात २१६ विरुद्ध १९८ ने पार पडलं आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ वर पडलं. बाजूने ५५ आणि तरी हार, कारण चर्चा थांबवून मतदानाकडे जायलाच तिथे ६० मतं लागतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळं रिपब्लिकनांकडे होतं. सिनेटमध्ये एका आठवड्यात स्थलांतरावर चार प्रस्ताव आले, एकालाही ६० गाठता आले नाहीत. २०२१ मध्ये पुन्हा डेमोक्रॅट. या वेळी त्यांनी साध्या बहुमताची अर्थसंकल्पी वाट धरली. त्या वाटेने फक्त खर्च आणि महसुलाशी थेट जोडलेल्या तरतुदी नेता येतात. स्थलांतराचा भाग त्यात बसत नाही, असा निर्वाळा सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी एकदा नव्हे, तीनदा दिला.

म्हणजे खरा अडसर दोन सभागृहांच्या मध्ये असण्यापेक्षा सिनेटच्या आत जास्त आहे. शंभरात साठ जागा एका पक्षाला क्वचितच मिळतात. त्यामुळे निकाल कसाही लागला, तरी समोरच्या पक्षातले दहा-बारा लोक बरोबर घ्यावेच लागतात.

आता दुसरी बाजू. आज ज्या नियमांवर आपल्या लोकांचं तिथलं आयुष्य उभं आहे, ते कधी झाले? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांचा वर्षाला १ लाख ४० हजारांचा कोटा आणि एच-वन बी या कामाच्या व्हिसाची ६५ हजारांची मर्यादा १९९० च्या कायद्यातली. थोरले बुश रिपब्लिकन, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांची. (ज्या ७ टक्के देशनिहाय मर्यादेने भारतीयांची रांग इतकी लांबवली, तीही याच कायद्यातली. तडजोडीतून चांगलंच निघतं, असा माझा दावा नाही.) सहा वर्षांनंतरही एच-वन बी वाढवून मिळणं, आणि ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यावर तशाच कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येणं, या दोन्ही सवलती ऑक्टोबर २००० च्या कायद्याने दिल्या. क्लिंटन डेमोक्रॅट, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांची. रांगेतला माणूस आज ज्या आधारावर टिकून आहे, तो विभागलेल्या सत्तेत मिळालेला आहे. एवढं तरी शेजारच्या गप्पांत सांगितलं जावं, हा माझा आग्रह आहे.

मग अडतं कशात? १० जुलै २०१९ ला प्रतिनिधीगृहाने देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर केलं. सभागृह डेमोक्रॅटांचं, पण मतं दोन्ही पक्षांची. सिनेट रिपब्लिकनांकडे. तिथे ते सर्वसंमतीने नेण्याचे प्रयत्न झाले. या पद्धतीत वेळ वाचतो, पण एका सदस्याने हरकत घेतली तरी गाडी थांबते, आणि ती थांबत राहिली. अखेर २ डिसेंबर २०२० ला सिनेटने बदललेला मसुदा मंजूर केला. त्यात एच-वन बीवर नव्या अटी होत्या. दोन्ही सभागृहांनी शब्दशः एकच मसुदा मंजूर करावा लागतो. महिनाभरात तो जमला नाही, ३ जानेवारी २०२१ ला काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक आपोआप बाद झालं. दोन्ही सभागृहांत पाठिंबा होता, पण एक मसुदा नव्हता आणि दिवस उरले नव्हते. मला हे अपयश २०१३ पेक्षा जास्त सलतं.

आणि २०२२ च्या निकालानंतरची ती ‘काही होत नाही’ वाली दोन वर्षं? फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमासुरक्षेचं जे द्विपक्षीय विधेयक आलं, त्यात नोकरीवर आधारित १८ हजार जादा ग्रीन कार्डं दरवर्षी, अशी पाच वर्षं होती. एच-वन बीधारकांच्या २१ वर्षांच्या होणाऱ्या मुलांना संरक्षणही होतं. प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांचा त्याला उघड विरोध होता. तरी ते प्रत्यक्षात पडलं सिनेटमध्येच, ४९ विरुद्ध ५० मतांनी.

शटडाउनबद्दल तुमचं विधान मला अजिबात मान्य नाही. २२ डिसेंबर २०१८ ला सुरू झालेलं ३५ दिवसांचं आणि १ ऑक्टोबर २०२५ चं ४३ दिवसांचं, दोन्ही सुरू झाली तेव्हा अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडेच होती. कारण पुन्हा तेच: खर्चाच्या विधेयकांनाही सिनेटमध्ये ६० मतं लागतात.

तुमच्या वाचनात हे आलं नसेल तर मुद्दाम सांगतो, कारण याचा फटका थेट आपल्याला बसतो. एच-वन बीचे अर्ज हाताळणारा विभाग अर्जदारांच्या शुल्कावर चालतो, म्हणून शटडाउनमध्येही तो बहुतांशी सुरू राहतो. पण अर्जाला जोडायचा एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचं कंपनीचं निवेदन) कामगार खात्याकडून मंजूर होऊन येतो, आणि ते खातं काँग्रेसने दिलेल्या पैशावर चालतं. २०१३ आणि २०२५ च्या शटडाउनमध्ये त्या खात्याचं हे काम थांबलं. २०१८-१९ मध्ये त्याचा निधी आधीच मंजूर असल्याने सुरू राहिलं. त्यामुळे ‘शटडाउन होणार का’ एवढंच विचारून भागत नाही, खर्चाच्या बारा विधेयकांपैकी कामगार खात्याचं मंजूर झालं का, ते बघावं लागतं.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. एलसीए कामाच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि मंजुरीला कामाचे सात दिवस लागतात. ज्यांच्या एच-वन बीची मुदत ऑक्टोबर ते फेब्रुवारीत संपते, त्यांनी कंपनीच्या वकिलाच्या मागे लागून तो सप्टेंबर संपायच्या आत हातात घ्यावा. त्याच कंपनीतर्फे मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल, तर निर्णय येईपर्यंत २४० दिवस काम करता येतं. एलसीएअभावी अर्जच गेला नाही, तर ही सोय मिळत नाही. ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्यातल्या नोकरीच्या जाहिरातींनाही १८० दिवसांची मर्यादा आहे. खात्याचं ऑनलाइन दालन बंद असताना ती उलटली, तर जाहिराती पुन्हा द्यायची पाळी येऊ शकते. म्हणून ज्यांच्या जाहिराती उन्हाळ्यात निघाल्या आहेत, त्यांनी १८० वा दिवस कोणत्या तारखेला येतो, ते वकिलाकडून आजच लेखी मागून घ्यावं.