वीज फुकट, बोअर आठशे फूट

उन्हाळा लागला की आमच्या लातूरच्या औसा-निलंगा भागात टीएन पासिंगच्या, म्हणजे तमिळनाडूच्या, बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. चुलत्याच्या रानात परवा रात्रभर मशीन चालली, आठशे फुटाला बी नुसता फुफाटा. शेजारच्याला सहाशेला दोन इंची पाणी लागलं म्हणून हे आठशे, आता तो नऊशेला जाणार, लिहून घ्या. खालचं पाणी काय बांध बघून थांबत नाही, ज्याचं बोअर खोल त्याचं पाणी.

वरून टीव्हीवर कुणीतरी म्हणतं, दुष्काळात ऊस लावतात, अक्कल नाही यांना. अहो साहेब, हिशोब तरी बघा. 2024-25 ला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला दर, क्विंटलला 340 रुपये, कारखाना काटा मारेल, पैसे उशिरा देईल, पण ऊस नेतो. सोयाबीनचा हमीभाव त्याच वर्षी 4892, तो कागदावर, केंद्रावर गेलं की कधी ओलावा जास्त तर कधी बारदानाच नाही, मग माणूस अडतीवर मिळेल त्या भावात घालून मोकळा होतो. त्यात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीचं लाईट बिल माफ. म्हणजे एकदा बोअर पाडलं की उपशाला रुपया लागत नाही आणि खात्रीचा गिऱ्हाईक फक्त सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला. मी असतो तरी ऊसच लावला असता.

आणि ही माफी म्हणे गरिबासाठी. ज्याचं रान कोरडवाहू, मोटारच नाही, त्याला काय मिळालं? घंटा. जो जास्त उपसतो त्यालाच जास्त सबसिडी.

कायदा नाही असं बी नाही. भूजलाचा कायदा 2009 चा, लागू झाला 2014 ला, अधिसूचित भागात 60 मीटरच्या खाली बोअर पाडायला बंदी. 60 मीटर म्हणजे दोनशे फूट हो! दोनच वर्षांनी, 2016 ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. रात्री रानात मशीन लागली तर अडवायला येणार कोण, तलाठी?

पंजाबनं 2018 ला एक बरं केलं होतं, काही फीडरवर, म्हणजे रानाला वीज देणाऱ्या लाईनवर, प्रत्येक मोटारीला ठरावीक युनिट द्यायचे आणि जेवढे वाचतील त्याचे युनिटमागं 4 रुपये शेतकऱ्याच्या खात्यावर. वीज फुकटच राहिली, पण मोटार बंद ठेवण्यात पैसा आला. आपल्याकडं हेच करा, सोबत तूर-सोयाबीनची खरेदी खरोखर करा, नुसतं बंदी बंदी ओरडून ऊस हटत नसतो. युनिट मोजायला मीटर लागणार, आणि मीटर म्हणलं की गाव आधी अंगावर येईल हे मान्य, आमचे तात्या तर काठी घेऊनच डीपीपाशी उभे राहतील. पण शेजारच्याच्या खात्यावर पहिला हप्ता पडू द्या, हेच तात्या विचारत येतील, आमचं मीटर कधी बसवता म्हणून.